मदत हवी आहे : एलपीचा सूर पट्टीत का बसत नाही?

मास्कान्यीच्या 'काव्हालेरिया रुस्तिकाना' या १८९० च्या ऑपेरातल्या इंटरमेझोची (मधल्या नुसत्या वाद्यवृंदाच्या तुकड्याची) जुनी एलपी, म्हणजे तबकडी, घरीच डिजिटल केली. स्वरलिपीत एफ मेजर, म्हणजे आपली पांढरी चार. पण पेटी घेऊन बसलो तर सूर पांढरी चार आणि काळी तीनच्या मधेच लटकतोय! टर्नटेबल तीनेक टक्के जोरात फिरतंय की ऑर्केस्ट्राच चढा लावलाय? कसं ओळखायचं?

लयीचाही घोळ आहेच. तीन-तीन मात्रांचं साधं वजन, पण व्हायोलिनं ओळीच्या शेवटी इतकी रेंगाळतात की मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र) लगेच सुटतो. स्वरलिपीत लय आंदान्ते सोस्तेनुतो (संथ, सूर धरून) दिलीय; तिला तुम्ही किती बीपीएम (मिनिटाला ठोके) धरता? त्यात संगीताचा मूड ओळखणारं अ‍ॅप 'उदास' सांगतंय. मला तर ईस्टरच्या दिवशी रिकाम्या चौकात पडलेलं ऊन दिसतं. (ऑपेराच्या कथेतला खून नंतर होतो, ते वेगळं.)