पहाटे अडीच-तीनला साखर ५०-६०च्या घरात: घरी काय ठेवावं, काय बदलावं?

पाटावरवंटा

सासूबाई, वय ७४, वजन ५१ किलो, टाइप २ डायबेटिस १९ वर्षं.

चालू औषधं: ३०/७० प्रीमिक्स इन्सुलिन (३० टक्के झटपट, ७० टक्के संथ) सकाळी १८ आणि रात्री १२ युनिट. ग्लिमेपिराइड १ + मेटफॉर्मिन ५०० + व्होग्लिबोज ०.२ अशी एकत्र गोळी सकाळ-रात्र. बीपीला मेटोप्रोलॉल ५०. रात्रीचं इंजेक्शन साडेआठला, जेवण नऊला: एक भाकरी, भाजी, थोडी आमटी.

गेल्या महिन्यात तीनदा पहाटे अडीच ते तीनच्या दरम्यान साखर ५८, ५२, ६१. थरथर नाही, धडधड नाही. मान आणि पाठ घामाने चिंब, बोलणं असंबद्ध. दर वेळी पेढा आणि गोड चहा दिला, पण सत्तरच्या वर यायला पाऊण तास लागला. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.४ आहे, म्हणून घरात सगळे खूश आहेत.

नेमकं काय द्यावं, किती द्यावं? आणि हे पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल?

गवतीचहा

आधी पेढा बाजूला ठेवा. खव्यातलं तूप पोट रिकामं व्हायला वेळ लावतं, त्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. चॉकलेट आणि लाडवाचंही तेच.

चहातल्या साखरेची अडचण वेगळी. व्होग्लिबोज आतड्यात साखर फोडणारं एन्झाइम अडवतं आणि घरातली साखर फोडल्याशिवाय शोषलीच जात नाही. ग्लुकोजला फोडावं लागत नाही. म्हणून ही गोळी चालू असलेल्या माणसाला लोसाठी (साखर ७०च्या खाली गेली की) ग्लुकोज पावडरच द्यायची. गोळी किती वाजता घेतली होती याचा हिशेब मध्यरात्री करत बसू नका. पुडा साधा घ्या, लेबलवर डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचंच दुसरं नाव) बघा. स्वादाच्या पुड्यांत साखर मिसळलेली असू शकते.

प्रमाण १५ ग्रॅम. चमच्याचा भरवसा धरू नका, कोणी सपाट भरतं, कोणी शिगोशीग. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर १५-१५ ग्रॅमच्या दहा पुड्या करून झिपच्या छोट्या पिशव्यांत भरा. दोन उशाशी, दोन पर्समध्ये, दोन देवघराजवळ, जिथे त्या सर्वात जास्त बसतात तिथे. पावसाळ्यात पावडरीचे खडे होतात, तेव्हा बदला.

पुडी अर्ध्या फुलपात्र पाण्यात ढवळून, बसवून, घोट घोट द्यायची. १५ मिनिटांनी पुन्हा टोचून बघा. ७०च्या खाली असेल तर दुसरी पुडी. पहिल्याच वेळी ५४च्या खाली असेल तर हे पंधरा मिनिटं कोणीतरी शेजारी बसून राहायचं. ७०च्या वर आली की अर्धी पोळी किंवा दोन मारी बिस्किटं आणि कपभर दूध, कारण पुढचं खाणं सकाळी आहे आणि ग्लुकोज तासाभरात संपतं.

टोचण्याआधी बोट धुवा. ग्लुकोज पावडर हाताळलेलं बोट तसंच टोचलं तर मीटर सरळ १८० दाखवू शकतं आणि आपण निर्धास्त होतो.

थरथर-धडधड नसण्याचं एक कारण मेटोप्रोलॉल असू शकतं. ते दोन्ही झाकतं, घाम झाकत नाही. तेव्हा घाम दिसला की आधी मीटर, मग "काय झालं" वगैरे. गोळी मात्र मनाने बंद करू नका, हृदयावर उलटं येतं.

रातकिडा

वरचं सगळं आग विझवण्याचं झालं. आता आग कुठून लागते ते बघू.

तीनही लो एकाच तासातले, घड्याळ लावल्यासारखे. प्रीमिक्सच्या १२ युनिटमध्ये ७० टक्के, म्हणजे ८.४ युनिट, संथ इन्सुलिन असतं. त्याचा जोर टोचल्यावर साधारण चार तासांनी चढायला लागतो आणि पुढे बराच वेळ राहतो. साडेआठला टोचलं तर साडेबारा ते पहाटेपर्यंत. त्या वेळी पोटात नऊची एक भाकरी, तीही पचलेली. वर रात्रीच्या गोळीतलं ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला आणखी इन्सुलिन सोडायला लावतंय. दोन्ही एकाच दिशेने ढकलतायत.

पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता उद्याच डॉक्टरांना फोन करा आणि हे विचारा:
– रात्रीच्या गोळीतलं ग्लिमेपिराइड हवंच आहे का?
– रात्रीचं प्रीमिक्स किती कमी करायचं? (कारण न सापडलेल्या लोनंतर साधारण १० ते २० टक्के कमी करण्याची पद्धत आहे, पण आकडा त्यांच्याकडून घ्या.)
– प्रीमिक्सऐवजी ग्लार्जिन किंवा डेग्लुडेक (दिवसभर संथ चालणारी इन्सुलिनं) बसेल का? त्यांचा जोर मध्येच असा चढत नाही.
– ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करतंय त्याचा आकडा) किती आहे? ५१ किलोच्या बाईचं क्रिएटिनिन ठीक दिसूनही मूत्रपिंड थकलेलं असू शकतं, आणि मग इन्सुलिन व ग्लिमेपिराइड दोन्ही शरीरात जास्त वेळ रेंगाळतात.

६.४ वर खूश होऊ नका. ती सरासरी आहे. २२० आणि ५४ची सरासरी १३७ येते आणि ६.४चा अर्थही साधारण १३७च. या वयात, इन्सुलिनवर असताना, ७.५ ते ८च्या आसपास राहणं डॉक्टरही मान्य करतात. झोपताना १०० ते १८० पुरे.

डॉक्टरांकडे जाताना सात दिवसांची नोंद न्या: रात्रीच्या जेवणाआधी, झोपताना, पहाटे तीनला, सकाळी उपाशी. म्हणजे २८ स्ट्रिप्स. लोनंतर सकाळची साखर २०० आली तर डोस वाढवू नका. ते बहुधा रात्री दिलेल्या पेढ्याचंच असतं.

आणि दोन गोष्टी आज घरीच तपासा. एक, सुई. भारतात व्हायल (इन्सुलिनची बाटली) बहुतेक ४० युनिट/मिलीची, तिला लाल टोपीची सिरिंज. पेनची कार्ट्रिज १०० युनिटची. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने १२ची रेघ ओढली तर ३० युनिट जातात. दोन, व्हायल. ती ठेवून दिली की पांढरा थर तळाशी बसतो. तळव्यांत दहा वेळा घोळवायची, दहा वेळा उलटी-सुलटी करायची, सगळीकडे सारखं दुधाळ दिसलं की भरायचं. जोरात हलवू नका, फेस होतो आणि माप चुकतं. न घोळवता भरलं तर एका दिवशी झटपट भाग जास्त जातो, दुसऱ्या दिवशी संथ भाग.

पाटावरवंटा

व्हायल ४०ची, टोपी लाल. घोळवायचं मात्र कधी माहीतच नव्हतं. इंजेक्शन नेहमी बेंबीच्या डावीकडे. तिथे मऊसर गाठ झालीये, त्यांना तिथेच बरं वाटतं, दुखत नाही म्हणून. आणि संकष्टी येतेय. त्या सोडायला तयार नाहीत.

उंबरठा

संकष्टीचं: सकाळचे १८ युनिट घेतले की त्यातला संथ भाग दुपारच्या जेवणाची वाट बघत बसतो. जेवण आलं नाही की तो साखर खातो. चंद्रोदय रात्री नऊच्या आसपास, म्हणजे दुपार-संध्याकाळ दोन्ही उघड्यावर. नेहमीचा डोस घेऊन उपवास, हे अजिबात नको. उपवासाच्या दिवसाचा डोस डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. खिचडीवर विसंबू नका, साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च, चढतो आणि उतरतो. दर तीन तासांनी काहीतरी: दूध, राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी. ७०च्या खाली आकडा आला की उपवास तिथेच सोडायचा, हे आदल्या दिवशी त्यांच्याकडून कबूल करून घ्या. लो असताना माणूस ऐकत नाही. उलट्या-जुलाबाच्या दिवशीही नेहमीचा डोस नको, तोही डॉक्टरांना विचारूनच.

गिळता येत नसेल किंवा शुद्ध नसेल तर तोंडात पाणी, साखर, मध काही घालायचं नाही, फुप्फुसात जातं. कुशीवर वळवा, १०८ला फोन करा, पहिल्या वाक्यातच सांगा: "शुगर लो, इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड चालू." शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्या पाच मिनिटांत बोलू लागतील, आणि तेव्हाच घरी न्यायचा मोह होतो. ग्लिमेपिराइडवर लो दिवसभराने पुन्हा येऊ शकतो, तेव्हा निरीक्षणाखाली ठेवतो म्हणाले तर वाद घालू नका.

लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गाला लेव्होफ्लॉक्सासिन (अँटिबायोटिक) कोणी लिहून दिलं तर डायबेटिसच्या गोळ्या दाखवा. या जोडीने साखर कोसळू शकते.

रातकिडा

गाठीबद्दल. तीच जागा वर्षानुवर्षं टोचली की खाली चरबी साठते आणि इन्सुलिन तिथून कधी अर्धवट, कधी एकदम शोषलं जातं. जागा बदलायलाच हवी, पण गाठीत टोचून ठरलेले १२ युनिट ताज्या जागी जास्त लागू पडतील. म्हणून डॉक्टरांना गाठ दाखवा, डोस कमी करून घ्या आणि मगच उजवीकडे जा, सुईला सुईपासून बोटभर अंतर ठेवून. पहिला आठवडा पहाटे तीनला साखर बघायचा गजर चुकवू नका.