'स्वादुपिंडदाह' आणि 'ॲसिडॉसिस': मिथेनॉलच्या विषबाधेबद्दल लिहिताना कुठले शब्द?

प्रश्न: मिथेनॉलच्या (विषारी दारूत सापडणारं अल्कोहोल) विषबाधेवरची माहिती मराठीत आणतेय. 'ॲक्युट पॅनक्रियाटायटिस'ला 'तीव्र स्वादुपिंडदाह' लिहिलं तर लोकांना पोटात जळजळ एवढंच वाटेल का? आणि 'ॲसिडॉसिस'ला आम्लपित्त चालेल?

प्रतिसाद १: आम्लपित्त नको, अजिबात नको! ते जठरातलं, आणि वाचणारा ॲसिडिटीची गोळी घेऊन झोपेल. इथे रक्तातलं आम्ल वाढतं. मिथेनॉल यकृतात गेलं की त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड होतं मग फॉर्मिक ॲसिड, आणि हे ॲसिड पेशींना ऑक्सिजन वापरूच देत नाही, डोळ्याची नस त्यात सगळ्यात आधी सापडते म्हणून धुरकट दिसायला लागतं. हे सगळं व्हायला बऱ्याचदा 12 ते 24 तास जातात, तोवर माणूस बरा वाटतो. मी सरळ 'रक्तातली आम्लता वाढणे' लिहीन, लांब झालं तरी चालेल.

प्रतिसाद २: 'दाह' (म्हणजे आतली सूज) बरोबर आहे, यकृतदाह, आंत्रपुच्छदाह तसंच. पण पहिल्यांदा येईल तिथे लक्षण लिहाच, पोटाच्या वरच्या भागात जोरात दुखतं, कळ पाठीत जाते, उलट्या होतात. 'अग्न्याशय' नको, तो हिंदीतला, मराठीत स्वादुपिंडच रुळलाय. (पाणथरी म्हणजे प्लीहा बरं का, दोन्हींची गल्लत फार होते.)
अजून एक. रक्तात नुसतं अमायलेज (एक पाचक एन्झाइम) वाढलं म्हणून लगेच स्वादुपिंडदाह लिहू नका, अमायलेज लाळग्रंथींतूनही येतं. लायपेज हे दुसरं पाचक एन्झाइम जास्त भरवशाचं. आणि रोज पिणाऱ्याचं स्वादुपिंड साध्या दारूनेही आधीच दुखावलेलं असू शकतं, तेव्हा 'मिथेनॉलमुळे झाला' पेक्षा 'मिथेनॉलच्या विषबाधेत काही रुग्णांना होतो' हे वाक्य प्रामाणिक.

प्रतिसाद ३: शब्दाचं मूळ सांगायचा मोह आवरत नाहीये. 1834 मध्ये ड्युमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ग्रीक 'मेथी' म्हणजे मद्य आणि 'हिले' म्हणजे लाकूड जोडून 'मेथिलीन' केलं, मिथेनॉल त्यातूनच पुढे आलं. तो 'मेथी' आणि आपला 'मधु' एकाच मुळाचे! म्हणजे या विषाच्या नावात मध बसलाय, वाईट वाटतं खरंच. म्हणूनच मिथेनॉलला 'मिथाइल मद्यार्क' लिहू नये, मद्य शब्द आला की ते प्यायचंच वाटतं.

प्रश्नकर्ती: खूप आभार. शेवटचं, 'अँटिडोट'ला 'उतारा' लिहिलं होतं.

प्रतिसाद १: काढा तो! पिणाऱ्यांच्या भाषेत उतारा म्हणजे सकाळी डोकं जड झालं की घेतलेला अजून एक पेग. त्यात हॉस्पिटलात फोमेपिझोल (यावरचं औषध) नसेल तर इथेनॉल, म्हणजे साध्या दारूतलं अल्कोहोल, खरंच देतात, मोजून, रक्त तपासत, सोबत डायलिसिस, कारण यकृतातलं एन्झाइम इथेनॉलला आधी धरतं आणि मिथेनॉल तसंच राहतं. हे 'उतारा' शब्दाखाली वाचलं तर कुणीतरी घरीच बाटली उघडेल. 'प्रतिविष' लिहा आणि त्याच वाक्यात 'हॉस्पिटलमध्येच' टाका.