बटणांच्या जागी आकडे: व्हायरस नव्हे, फॉन्ट

जुन्या विंडोजमध्ये खिडकीच्या कोपऱ्यातल्या मिनिमाइझ-क्लोज बटणांच्या जागी कधीकधी आकडे दिसायचे; त्याबद्दल दोघातिघांनी ठामपणे लिहिलंय की हा व्हायरसच, सरळ फॉरमॅट मारा, म्हणजे डिस्क पुसून टाका. अजिबात पटलं नाही. ती बटणं म्हणजे चित्रं नव्हतीच. विंडोज ९५ पासून ती मार्लेट नावाच्या फॉन्टमधून काढली जात. इंग्रजी शून्याच्या जागी मिनिमाइझची रेघ, एकाच्या जागी मॅक्सिमाइझचा चौकोन, दोनाच्या जागी रिस्टोअर आणि छोट्या 'आर'च्या जागी क्लोजची फुली. हा फॉन्ट नीट वाचता आला नाही की विंडोज दुसराच फॉन्ट घेई आणि कोपऱ्यात नुसतं शून्य, एक, आर. आपल्या जुन्या मराठी डीटीपी (संगणकावर छपाईचा मजकूर जुळवण्याच्या) फॉन्टसारखंच. फॉन्ट नसला की अख्ख्या पत्रिकेची इंग्रजी अक्षरांची खिचडी.

जळगावात डीटीपी करायचो तेव्हा विंडोज ९८ वर लग्नसराईत हे हमखास व्हायचं, कारण गिऱ्हाइकागणिक नवे फॉन्ट टाकले जायचे. उपाय साधा होता: सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या गोष्टींनिशी सुरू करून) जाऊन विंडोज फोल्डरमधली 'टीटीएफकॅश' ही फॉन्टची माहिती साठवणारी लपवलेली फाइल उडवायची, मशीन पुन्हा सुरू करायचं, की ती नव्याने बने. डेटा शाबूत! फॉरमॅटच्या सल्ल्यापायी लोकांची वर्षांची कामं गेलेली पाहिलीत, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

आणि चिन्हं फॉन्टमधून काढायची ही पद्धत अजून चालूच आहे. विंडोज १० मध्ये सेगो एमडीएल२ असेट्स, ११ मध्ये सेगो फ्लुएंट आयकॉन्स हे फॉन्ट. फरक इतकाच की यातली चिन्हं युनिकोडच्या (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या) खासगी वापराच्या भागात, जिथे ठरलेलं अक्षर नसतं, तिथे बसवली आहेत, त्यामुळे फॉन्ट बिघडला तर आता आकड्यांऐवजी रिकामे चौकोन दिसतात.