तिल्या टेपेचं सोनं: भटक्यांचं की नगरांचं?

वाटसरू:
उत्तर अफगाणिस्तानात शेबर्घानजवळ तिल्या टेपे, म्हणजे 'सोन्याची टेकडी'. व्हिक्टर सारियानिदी यांच्या सोव्हिएत-अफगाण चमूने १९७८-७९ मध्ये तिथे सहा थडगी उकलली. पाच बायका, एक पुरुष आणि २०,०००हून जास्त सोन्याचे नग. काळ साधारण इ.स. पहिलं शतक. या दागिन्यांवर नेहमी ऐकू येतं, 'घडवले शहरांनी, भटक्यांनी नुसते मिरवले.' मला हे पटत नाही. सहाव्या थडग्यातल्या बाईचा मुकुट बघा. त्यावरची सोन्याची झाडं काढता येतात, मग पट्टी सपाट होते. ज्यांचं बिऱ्हाड घोड्यावर, त्यांच्याच डोक्यातून हे निघणार.

खापरी:
मुकुट त्यांच्या सोयीचा, मान्य. पण सोनाराची भट्टी आणि पिढ्यांचा हात लागतो, तो वस्तीतच तयार होतो. आणि उत्तरेकडून आलेल्या टोळ्यांनी काय केलं? इ.स.पू. १४५च्या सुमारास ऐ खानुमसारखं ग्रीक नगर उजाड झालं. इथेही थडगी खणली ती कुणाच्या तरी जुन्या, पडक्या तटबंदीच्या देवळात. हे विसरून त्यांना कलावंत कसं म्हणू?

वाटसरू:
ऐ खानुम उजाड होऊन तोवर दीडशेहून जास्त वर्षं लोटली होती. त्या राखेचा हिशेब या बायकांकडे मागणं अन्याय आहे. शिवाय थडग्याथडग्यांत सोन्यात पिरोजा जडवायची तीच तऱ्हा दिसते. कारागीर कुणी का असेना, आवड घालणाऱ्यांची होती.

नदीकाठ:
माझा आक्षेप 'भटके' या शब्दालाच आहे. जवळच एमशी टेपे ही तटबंदीची वस्ती आहे, हे लोक तिथलेच असावेत. त्याच सहाव्या थडग्यातल्या बाईच्या हातात पार्थियन, म्हणजे प्राचीन इराणी राज्याच्या पद्धतीचं सोन्याचं नाणं होतं, तोंडात चांदीचं. मृताच्या तोंडात नाणं ठेवायची रीत ग्रीकांची. चौथ्यातल्या पुरुषाजवळ भारतीय पदक होतं, त्यावर खरोष्ठी या प्राचीन लिपीत 'धर्मचक्र फिरवणारा'. चाक ढकलणारा माणूस एका बाजूला, सिंह दुसऱ्या बाजूला. नाणी, लिपी, देव सगळ्यांचे ओळखीचे. हे लोक स्थिरावत होते.

खापरी:
मग माझंच म्हणणं खरं ठरतं: वस्तीत आले, म्हणून हे घडलं.

वाटसरू:
वस्तीत आले, हे मी मानतो. पण त्याच पुरुषाच्या थडग्याशी घोड्याची कवटी ठेवलेली सापडली. घर बदललं होतं, मरताना घोडा मात्र सोबत हवा होता.