घटस्थापनेपासून दारू एकदम बंद, सोबत नऊ दिवस ज्यूसवर 'डिटॉक्स' : घरी जमेल का?

मानेवाडा_रिंगरोड :
नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे. भाऊजी (वय ४४) बरीच वर्षं रोज पितात. सध्या दिवसाला तीन क्वार्टर. त्यातली पहिली सकाळीच, कारण त्याशिवाय हात थरथरतात. घटस्थापनेपासून दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतलीय. नऊ दिवस कडक उपवास आणि तिसऱ्या माळेला कोराडीला देवीच्या दर्शनाला पायी जायचंही ठरलंय. ताईनं एका स्पाचं 'लिव्हर डिटॉक्स' पॅकेज बघून ठेवलंय : सकाळी दुधीचा रस, दुपारी बीट-संत्र्याचा ज्यूस, संध्याकाळी स्टीम आणि पाय बुडवून बसायचं मशीन, ज्यात पाणी तपकिरी होतं म्हणे. हे सगळं घरच्या घरी करता येईल का? आणि त्रास झालाच तर नेमका कधी, कसा होतो?

रात्रपाळी :
सकाळी हात थांबवायला दारू लागते, इथंच उत्तर मिळालं. घरी एकदम बंद करू नका. डॉक्टरला दाखवेपर्यंत रोजची आहे तेवढीच चालू राहू द्या, वाढवू नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण अशा माणसाची दारू एका रात्रीत तोडण्यात पिण्यापेक्षा जास्त तातडीचा धोका असतो.

शरीरातली दारू जेमतेम एका दिवसात निघून जाते. ती बाहेर काढायला ना ज्यूस लागतो ना घाम. ९० टक्क्यांहून जास्त काम यकृतच करतं. खरा घोळ मेंदूत असतो. वर्षानुवर्षं दारूनं दाबून ठेवलेला मेंदू स्वतःचा उत्तेजनाचा जोर वाढवून बसलेला असतो. वरचा दाब अचानक काढला की तो उसळतो. वेळापत्रक साधारण असं, शेवटच्या घोटापासून मोजायचं :

६ ते १२ तास : थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप नाही.
१२ ते २४ तास : भास. भिंतीवर किडे दिसणं, कोणी हाक मारल्यासारखं वाटणं.
६ ते ४८ तास : फिट येण्याचा काळ.
४८ ते ९६ तास : डिलिरियम. ताप, प्रचंड घाम, माणूस कुठं आहे, वार कोणता हे कळत नाही, उठून पळतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो.

आता पंचांग लावून बघा. पहिल्या माळेला बंद केली तर तिसऱ्या माळेला तुमचे भाऊजी उपाशीपोटी, ऑक्टोबरच्या उन्हात, कोराडी रोडच्या ट्रकांच्या शेजारून चालत असतील. त्यांना या वर्षी पाठवूच नका. दर्शन गाडीनं, तेही डॉक्टर हो म्हणाले तर.

वॉर्डात काय करतात : क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम (उसळलेला मेंदू शांत करणारी औषधं), दिवसातून तीन-चार वेळा विभागून, मग रोज थोडं थोडं कमी करत पाच ते सात दिवसांत बंद. यकृत फारच खराब असेल तर लोराझेपाम. दर काही तासांनी नाडी-बीपी मोजतात, आणि थरथर, घाम, भान वगैरे बघून गुण देतात. त्या दहा मुद्द्यांच्या तक्त्यात ८ च्या खाली सौम्य, १५ च्या वर गंभीर. डोस त्या गुणांवर ठरतो, म्हणून शेजाऱ्याच्या भावाला दिलेली चिठ्ठी इथं चालत नाही.

यापूर्वी दारू सोडताना कधी फिट आली असेल, भास झाले असतील, कावीळ किंवा शुगर असेल, तर ओपीडीवर भागवू नका, भरतीच करा.

वैद्य_सक्करदरा :
वरच्या उत्तरात उपवासाचा मुद्दा राहिला, आणि माझ्या मते धोक्याची खरी गाठ तिथंच आहे. रोज पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-१, आधीच तळाला गेलेलं असतं : जेवण कमी आणि आतडं शोषून घेत नाही. साखर किंवा पिष्ट जाळायला थायमिन लागतं. उपाशी माणसाला नुसता गोड ज्यूस आणि साबुदाणा दिला की उरलंसुरलं थायमिनही संपतं. मग डोळे नीट फिरत नाहीत, चालताना तोल जातो, माणूस गोंधळतो. याला वर्निके म्हणतात. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावण्याआधी किंवा सोबतच थायमिनचं इंजेक्शन देतात. घरी कंपाउंडरला बोलावून नुसतं सलाइन-ग्लुकोज लावायची आपल्याकडे हौस आहे, ती इथं महागात पडते.

दुधीच्या रसाबद्दल : दुधी कडू निघाला तर त्यातल्या कुकुरबिटासिनमुळे रक्ताच्या उलट्या होतात, बीपी कोसळतं. कापल्यावर जिभेला तुकडा लावून बघा. जराही कडू लागला तर मध-लिंबू घालून चव मारू नका, फेकून द्या. बीट-पालकाचे ग्लासच्या ग्लास ऑक्सलेटमुळे मूत्रपिंडाला त्रास देतात.

आणि आयुर्वेदातलं शोधन (शरीरशुद्धी) करायचं म्हणाल तर या आठवड्यात वमन-विरेचन अजिबात नाही. उलट्या-जुलाबांत पोटॅशियम उतरलं की आधीच धडधडणारं हृदय बिघडतं. शरद ऋतू विरेचनाचा, हे खरं. पण रोग्याचं बळ बघितल्याशिवाय ऋतू बघायचा नसतो. विथड्रॉवल, म्हणजे दारू तोडल्यावरचा त्रास, संपून रिपोर्ट सुधारल्यावर शासकीय आयुर्वेद रुग्णालयात रीतसर विचारा.

रसायन_काका :
तपकिरी पाण्याचं एवढंच : मिठाच्या पाण्यात लोखंडी इलेक्ट्रोड घालून करंट सोडला की तो गंजतो. पाय न बुडवता मशीन अर्धा तास चालवायला सांगा, पाणी तसंच तपकिरी होईल. स्टीम मात्र निरुपद्रवी नाही. घामानं आधीच पाणी गेलेल्या माणसाला त्यात बसवलं तर चक्कर येऊन पडेल.

काउंटरवरून :
औषधाच्या बाजूनं तीन गोष्टी.

झोपेच्या आणि थरथर थांबवायच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मागू नका, कोणी दिल्या तरी घेऊ नका. त्यावर दारू प्यायली तर श्वास मंदावतो. चिठ्ठीवरच्या गोळ्याही ताईच्या ताब्यात, एका दिवसाच्या हिशोबानं.

'न सांगता जेवणात मिसळा' अशी पावडर भिंतीभिंतीवर रंगवलेली असते. त्यात डायसल्फिराम असेल आणि माणूस प्यायला, तर चेहरा लालबुंद, उलट्या, बीपी खाली, हृदयविकार असेल तर मृत्यूही. हे औषध रोग्याच्या संमतीनंच, आणि शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास गेल्यावर.

तिसरं, 'लिव्हर टॉनिक'. गुळवेलीच्या वापरानं यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नव्हतं. वाद बाजूला ठेवा. सुजलेल्या यकृतावर प्रयोग कशाला?

मानेवाडा_रिंगरोड :
धन्यवाद सगळ्यांना. स्पा रद्द. पण भाऊजी उपवासावर अडून बसलेत. आणि दाखवायचं कुठं? फिट आलीच तर तोवर काय करायचं?

रात्रपाळी :
उपवास ताईनं धरावा, घटाला पाणी भाऊजींनी घालावं. तरी हट्टच असेल तर डॉक्टरला विचारून दूध, दही, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी असा फराळ दर तीन तासांनी. नुसत्या साबुदाण्यावर राहू देऊ नका.

मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा मिहानमधलं एम्स, कुठंही मानसोपचार विभागात दाखवा. छिंदवाडा रोडचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. आधी फोनवर बोलायचं तर टेलि-मानस १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६. खाजगी केंद्र बघणार असाल तर दारातच विचारा : नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, रात्री नर्स असते का, घरच्यांना भेटू देतात का? शेवटच्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर परत फिरा.

जाताना शेवटची दारू किती वाजता आणि किती घेतली ते कागदावर लिहून न्या. जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत. एलएफटी (यकृताची तपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची), शुगर, पोटॅशियम, मॅग्नेशियम बहुधा करायला सांगतील.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी, घड्याळ बघा. तोंडात चमचा-बोट घालू नका, पाणी पाजू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. दारू सोडताना पहिलीच फिट आली तर ती मिनिटभरात थांबली तरी १०८ लावायचाच, कारण दुसरी लागोपाठ येऊ शकते.

आणि भरतीचे सात दिवस संपले की लगेच पुढची तारीख घ्या. दारूची ओढ कमी करायला नाल्ट्रेक्झोन किंवा अकॅम्प्रोसेट द्यायचं का, ते यकृत-मूत्रपिंडाचे रिपोर्ट बघून तेव्हाच ठरतं. पहिल्याला यकृत बरं लागतं, दुसऱ्याला मूत्रपिंड.