इंदूर ते बडोदा : अंतर आणि बेअरिंग काढण्यासाठी कोणते साधन घ्यावे?

माळवा_वैमानिक (धागाकर्ता) : नमस्कार मंडळी. मी इंदूरला व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या नेव्हिगेशन विषयाची तयारी करत आहे. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिले असता त्यांमधील अंतर आणि बेअरिंग (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला मार्गाचा कोन) मला स्वतःला काढता यायला हवे. त्यासाठी काय घ्यावे? खर्चाची मर्यादा दीड हजार रुपये आहे.

उंच_भरारी : धातूचा ई६बीच, म्हणजे वैमानिकांची हाताने फिरवायची गणनचकती, घ्यावा. माझा परदेशातून मागवलेला आहे आणि इतक्या वर्षांत त्यावरचा एकही आकडा पुसट झालेला नाही. दीड हजारांत तो मिळणार नाही, पण अशी वस्तू माणूस एकदाच घेतो.

राजवाडा_निवासी : आता टॅब्लेटशिवाय पर्याय नाही. दोन ठिकाणांवर बोट ठेवले की अंतर, बेअरिंग, वारा, इंधन सगळे समोर येते. मात्र स्वस्तातला घेऊ नये, कारण माझा पहिला टॅब्लेट मे महिन्याच्या उन्हात कॉकपिटमध्ये तापून बंद पडला होता.

अक्षांश_ताई : उंच_भरारी, ई६बी वाऱ्याचा त्रिकोण (वाऱ्यामुळे विमानाच्या दिशेत आणि वेगात होणारा बदल) सोडवतो आणि वेग, वेळ, इंधन यांचा हिशेब करतो, अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढणे हे त्याचे काम नव्हे. धागाकर्त्यांनी स्प्रेडशीटमध्ये हॅवरसाइन सूत्र (गोलावरील दोन बिंदूंमधील अंतर काढणारे) मांडावे, त्याला एक रुपयाही लागत नाही. अंशांचे आधी रेडियन करावेत. बेअरिंगसाठी एटॅन२ (एक्स आणि वाय यांवरून कोन देणारे फंक्शन) वापरताना विशेष लक्ष द्यावे, कारण बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषा त्यात आधी वाय आणि मग एक्स घेतात, तर एक्सेल आधी एक्स घेते. क्रम उलटला की उत्तरेकडचा मार्ग पूर्वेकडे जातो. उत्तराचे पुन्हा अंश करावेत आणि ते ऋण आल्यास ३६० मिळवावेत. आणि २२ अंश ४३ मिनिटे म्हणजे २२.४३ नव्हे, २२.७२.

गोल_नव्हे_पृथ्वी : हॅवरसाइन पृथ्वीला पूर्ण गोल धरते, हे ताईंनी सांगितले नाही. अचूकता हवी असेल तर डब्ल्यूजीएस-८४ या, जीपीएसमध्ये वापरल्या जाणाऱ्या प्रमाण लंबगोलावर विन्सेंटी यांचे १९७५ चे सूत्रच वापरावे.

अक्षांश_ताई : गोल धरल्याने येणारा फरक साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत असतो. बडोद्यापर्यंतच्या अंतरावर तो एक सागरी मैलही होत नाही. त्याहून जास्त चूक नकाशावरच्या पेन्सिलीच्या जाड रेषेने होते.

उंच_भरारी : तरीही वाऱ्यासाठी ई६बी लागणारच आहे, तेव्हा तो आताच घ्यावा.

नकाशा_प्रेमी : लॅम्बर्ट नकाशावर (शंकूच्या प्रक्षेपणाने काढलेल्या वैमानिकी नकाशावर) सरळ रेषा जवळजवळ ग्रेट सर्कलच, म्हणजे पृथ्वीवरील सर्वांत जवळचा मार्गच, असते, पण तिचा कोन प्रत्येक रेखावृत्ताशी थोडा वेगळा येतो. इंदूरहून निघताना आणि बडोद्याला पोहोचताना या कोनांत सुमारे एक अंशाचा फरक पडतो, म्हणून कोन मार्गाच्या मध्यावरील रेखावृत्तावर मोजावा. त्यानंतर चुंबकीय व्हेरिएशन, म्हणजे खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांमधील कोन, पश्चिमेचे असेल तर मिळवावे आणि पूर्वेचे असेल तर वजा करावे. आपल्या भागात ते फार कमी आहे, तरी ही पायरी गाळू नये.

माळवा_वैमानिक : सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेत आहे, कारण गणित आधी हाताने जमले नाही तर यंत्राचे उत्तर चुकले आहे की बरोबर, हेच मला कळणार नाही. आज एक उदाहरण सोडवले. इंदूर २२.७२ उत्तर, ७५.८० पूर्व आणि बडोदा २२.३४ उत्तर, ७३.२३ पूर्व धरले, तर अक्षांशांतील फरक सुमारे २३ मिनिटे म्हणजेच २३ सागरी मैल होतो. रेखांशांतील फरक १५४ मिनिटे असून त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे ०.९२४ ने, गुणल्यावर १४२ मैल येतात. पायथागोरसच्या नियमाने अंतर १४४ मैल आले आणि दिशा पश्चिमेपासून नऊ अंश दक्षिणेकडे, म्हणजे बेअरिंग २६१ आले. कोसाइनने गुणले नाही, तर हेच अंतर १५६ मैल दिसते. ताईंच्या सूत्राची स्प्रेडशीट पडताळणीपुरती करून ठेवतो. ई६बी आणि टॅब्लेट सध्या घेत नाही.