लेकरांच्या मोबाईलची राखण एकट्या आईनंच का करायची?

मांजराकाठ (लातूर)

आमच्या शाळेत परवा 'मुलं आणि मोबाईल' या विषयावर पालकसभा झाली. कामाच्या दिवशी, भर दुपारी. हॉल बायकांनी भरलेला, बाप चार-दोन आणि तेही दाराशी उभे. पाहुणे बोलले चांगलं, पण फिरून फिरून एकच पालुपद: "आईनं लक्ष द्यायला पाहिजे." मला त्याबद्दल बोलायचंय.

मी पतसंस्थेत नोकरी करते. मुलगा आठवीत, मुलगी पाचवीत. मुलाच्या टॅबवर फॅमिली लिंक हे मुलांच्या वापराला वेळ लावून देणारं ॲप मी बसवलं, रात्री नऊला टॅब बंद होतो. मग तो आजोबांचा फोन घेतो. त्या फोनला लॉक नाही. यूपीआयचा पिन घरात सगळ्यांना पाठ, कारण दूधवाल्याला पैसे नातवानंच पाठवायचे असा आजोबांचा शिरस्ता. ह्यांच्या व्हॉट्सॲप स्टेटसला लेकीचा गणवेशातला फोटो, शाळेचं नाव वाचता येईल असा, आणि खाली ट्युशनला निघाल्याची वेळ. सासूबाईंना लाडकी बहीणच्या केवायसीसाठी म्हणून कुणाचाही फोन आला तरी त्या ओटीपी सांगायला तयार. म्हणजे भगदाडं चार ठिकाणी आणि राखणदार एक.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत आपल्या घरचं काम करणाऱ्या बाईची त्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७, असं दिसलं. शाळेचे ग्रुप, पासवर्ड, कोण कुणाशी चॅट करतंय यावरची नजर, हे सगळं आता बाईच्याच वाट्यात येऊन पडतंय. माझं म्हणणं असं की हे घराचं काम आहे. बापाच्या नावावर त्यातलं ठरलेलं काम हवं आणि नियम घरातल्या मोठ्यांनाही लागू हवा. विरोधातलं मत असलं तरी मोकळेपणानं लिहा.

अंबाजोगाईकर

ताई, तळमळ पोचली, पण मत पटलं नाही. माझं आयुष्य शिकवण्यात गेलं. लेकरू घाबरलं की आधी आईकडंच येतं. बापाला सांगायला ते चार दिवस लावतं, तोवर व्हायचं ते होऊन जातं. आईची ही जागा कुणी तिच्यावर लादलेली नाही, लेकरानंच तिला दिलेली आहे. दुसरं असं, की सगळ्यांचं काम ते कुणाचंच नसतं. आईनं नाही म्हटलं आणि बापानं हो म्हटलं की पोरगं दोघांच्या मधून निसटतं. घरात एकाचाच शब्द चालला पाहिजे. तो आईचा असेल तर त्यात अन्याय कसला?

मांजराकाठ (लातूर)

सर, शब्द माझा चालत असता तर हा धागा काढलाच नसता. काम माझं आणि शब्द सगळ्यांचा, हीच अडचण आहे. टॅब बंद झाल्यावर आजोबांचा फोन नातवाला मिळतो, तेव्हा माझा शब्द कुठं राहतो? आणि लेकरू माझ्याकडं येतं हे खरंय. पण सेटिंग करणं, बँकेत जाणं, सासऱ्यांना समजावणं ही त्याच्यापुढची कामं. ती बापानं केली म्हणून लेकराचं माझ्यावरचं प्रेम कमी होत नाही.

झेडपीच्या बाई (परभणी)

माझ्या वर्गात एकाही लेकराकडं स्वतःचा फोन नाही, तरी सगळी दररोज फोन बघतात. बाप शेतातून आला, हातपाय धुवायला गेला की फोन लेकराच्या हातात. त्या फोनवरचं गुगल खातं बापाचं आणि वय बापाचं. यूट्यूबच्या हिशेबानं मोठा माणूसच बघतोय, म्हणून मोठ्यांचं सगळं समोर येतं. एकदा काही उघडलं की त्याच जातीचं पुढं येत राहतं. चौथीतल्या पोरानं मला मधल्या सुट्टीत जे शब्द ऐकवले, ते त्याला त्याच फोनमधून मिळाले होते.

हे आवरायचं तर बापाच्याच फोनमध्ये आवरावं लागतं. यूट्यूबला मोठ्यांचे व्हिडिओ गाळणारा रिस्ट्रिक्टेड मोड लावायचा, बघितलेल्याची यादी पुसायची, प्ले स्टोअरवर खरेदीला पासवर्ड ठेवायचा, लहान्यांसाठी यूट्यूब किड्स वेगळं टाकायचं. दहा मिनिटांत होतं. पण तो फोन दिवसभर बापाच्या खिशात असतो. आईनं कितीही लक्ष दिलं तरी खिशातल्या फोनला काय करणार? त्यामुळं या वादात मी ताईंच्या बाजूनं.

बालाघाट (बीड)

तुम्ही सगळे टॅबच्या गप्पा करायलेत. आमच्याकडं दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, बाईला मागं राहताच येत नाही. लेकरं म्हाताऱ्यांपाशी ठेवायची, नाहीतर फडावर न्यायची. मागं ठेवली तर एक फोन ठेवावाच लागतो. कारखान्यावरून रात्री माय बोलती ती त्याच्यावरच. उन्हाळा लागेपर्यंत तो फोन लेकरापाशी, आणि आज्जीला तो नुसता उचलता येतो, बाकी काही कळत नाही. त्या मायनं कोणतं ॲप बसवावं? आणि बापानं तरी काय करावं, तो पण तिच्यासंगंच मोळ्या बांधायला.

माय का बाप ही भांडणं घरी राहणाऱ्यांची. आमच्या लेकरांना गावातलं कुणीतरी लागतं. शाळेतले गुरुजी, अंगणवाडीच्या ताई, हंगामी वसतिगृह नीट चालणं. त्याच्यावर कुणी धागा काढत नाही.

वाळूज शिफ्ट (छत्रपती संभाजीनगर)

एवढा कीस कशाला पाडायचा? दहावीपर्यंत फोन द्यायचाच नाही, विषय संपला. पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं २०२२ मध्ये ग्रामसभा घेऊन अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखाली सोशल मीडियाची खातीच बंद केली. एवढा पुढारलेला देश करतो तर आपण का नाही?

मी बाप आहे आणि माझं काम मी करतो. मोठ्या मुलीला अकरावीसाठी फोन द्यावा लागला, तर दर रविवारी तिचा फोन घेऊन सगळे चॅट वाचतो. तिला ते माहीत आहे. बापानं कामात वाटा घ्यावा म्हणता ना, मग हा घेतला. यात चूक असेल तर दाखवून द्या.

मांजराकाठ (लातूर)

तुमच्याच उदाहरणांवर बोलते. ऑस्ट्रेलियातल्या कायद्यात दंड मुलाला नाही, आईबापाला नाही, कंपनीला आहे. म्हणजे त्या देशानं राखणीचं ओझं घरावरून उचलून धंदा करणाऱ्यावर टाकलं. माझ्या मुद्द्याला ते जवळचं आहे. बंदीपेक्षा मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं उदाहरण जास्त पटतं. तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाईल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात, आणि मोठ्यांचाही फोन खाली राहतो. माझ्या घरात हा दीड तास सुरू करायचा म्हटलं, तर सगळ्यात मोठा विरोध मुलांचा नाही, क्रिकेट बघणाऱ्यांचा आहे.

बालाघाट, तुमचं म्हणणं खरंच गंभीर आहे. त्याला माझ्याकडं घरातल्या वाटणीतून उत्तर नाही.

सेवाकेंद्र (जालना)

मी ऑनलाइन कामांचं केंद्र चालवतो, म्हणून समोर बघतो ते सांगतो. लुबाडली जाणारी माणसं लेकरांपेक्षा मोठीच जास्त. पीएम किसानच्या नावानं, बँकेच्या नावानं, आता तर लग्नपत्रिका म्हणूनसुद्धा व्हॉट्सॲपवर फाईल येते आणि नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके म्हणजे ॲप. ते टाकलं की मेसेज वाचायची परवानगी मागतं, मग बँकेचा ओटीपी आपल्या आधी चोराला दिसतो. गावातल्या ग्रुपवर ओळखीच्याच नंबरवरून येतं, म्हणून लोक उघडतात. त्या ओळखीच्याचाही फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो.

असं झालं तर रडत बसू नका. आधी नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जातात, तक्रार जितकी लवकर तितके वाटेत अडवता येतात. माझ्याकडं लोक दोन-दोन दिवसांनी येतात, कारण घरात सांगायची लाज वाटते.

पैशांवरचे खेळ २०२५ च्या कायद्यानं बंद झाले, पण टेलिग्रामवरून लिंका अजून फिरतात आणि तिथं पैसे भरायला पोरं बापाचाच पिन वापरतात. त्यामुळं पहिली दुरुस्ती बापाच्या आणि आजोबाच्या फोनची. पिन बदला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, एवढं एक वाक्य घरात सगळ्यांकडून पाठ करून घ्या.

ट्युशनवाली (लातूर)

वाळूज शिफ्ट काका, मी नीटच्या तयारीसाठी गावाहून इथं होस्टेलला राहते. तुमच्या मुलीच्याच वयाची आहे, म्हणून लिहिते.

आमच्या मजल्यावरच्या एका मुलीचा इन्स्टावरचा साधा फोटो घेऊन एकानं तो दुसऱ्याच अंगावर चिकटवला आणि तिलाच पाठवला. पैसे दे, नाहीतर गावाकडच्या ग्रुपवर टाकतो, अशी धमकी. तिनं मेसचे पैसे त्याला पाठवले आणि मेसमध्ये पोट बिघडलंय म्हणून जेवणं सोडलं. ताट घेऊन गेलो की पांघरूण ओढून घ्यायची. आम्ही म्हणालो, घरी सांग. ती म्हणाली, "सांगितलं तर फोन जाईल, मग शिक्षण जाईल, आणि उन्हाळ्यात स्थळं बघायला लागतील." तिचा बाप वाईट माणूस नाही, भाजी विकून तिची फी भरतो. पण घरात दर आठवड्याला फोन तपासला जायचा, म्हणून तिनं दुसरं खातं काढलं होतं आणि हा त्रास त्याच खात्यावर सुरू झाला. तपासणीमुळं ती सुरक्षित झाली नाही, लपवायला शिकली.

शेवटी रेक्टर मॅडमनी हाताळलं. त्या आधी म्हणाल्या, "तुझी काही चूक नाही," आणि मगच फोन मागितला. धमक्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवले, पैसे देणं थांबवलं, त्याला ब्लॉक केलं, सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली. तिथं बायका-मुलांच्या बाबतीतले असे गुन्हे नाव न सांगताही कळवता येतात. अठरा वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सोय आहे. फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक क्रमांक तयार होतो आणि त्यावरून इन्स्टा-फेसबुकसारख्या कंपन्या तो फोटो ओळखून काढू शकतात. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन रात्रीही चालू असते. हे आम्हाला कुठल्याच पालकसभेत कळलं नव्हतं.

वाळूज शिफ्ट (छत्रपती संभाजीनगर)

बेटा, तुझं दोनदा वाचलं. पण बापाची बाजूही ऐक. कंपनीत रात्रपाळीला असतो तेव्हा डोक्यात हेच फिरत असतं. न बघता झोप येत नाही. तपासणी बंद करणार नाही. मात्र काहीही सापडलं तरी फोन आणि कॉलेज काढून घेणार नाही, हे तिला आज सांगतो.

तेरणा (धाराशिव)

मांजराकाठ ताई, बापाला कामात घ्या म्हणता, पण सगळी घरं तुमच्यासारखी नसतात. आमच्या घरात ह्यांना कळलं की आधी हात उठतो, मग विचारपूस. पोरीला कुणीतरी सारखे मेसेज करायला लागलं, ते मी तिच्या शाळेतल्या बाईंना घेऊन मिटवलं. ह्यांना अजून माहीत नाही आणि मी सांगणारही नाही. माझ्याकडं हे एकटीनं सांभाळणं ओझं नाही, पोरीची शाळा टिकवायचा तोच रस्ता आहे. वाटणी करा म्हणण्याआधी अशा बायांचा विचार करा.

अंबाजोगाईकर

तेरणा ताईंनी लिहिलं तेच मला म्हणायचं होतं, पण माझ्या तोंडी ते आईच्या मायेचं कौतुक झालं. त्यांच्या घरातली अडचण माझ्या ध्यानात नव्हती. तरी घरात एकाचाच शब्द असावा, हे माझं मत कायम.

मांजराकाठ (लातूर)

तेरणा ताई, तुम्ही केलं ते बरोबर केलं. मारणाऱ्या बापाला वाटा द्या असं मी म्हणणार नाही. पण अशा घरात आईच्या मदतीला बाई धावून आल्या, आणि ट्युशनवालीच्या होस्टेलात रेक्टर मॅडम. बालाघाटही तेच म्हणतायत, की घराबाहेरचं एक भरवशाचं माणूस लागतं. त्यामुळं माझी मागणी आता घरापुरती ठेवत नाही.

शाळेला तीन गोष्टी लिहून देणार आहे. पालकसभा रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर घ्या आणि निरोप बापाच्या नंबरवरही पाठवा. शाळेतल्या एका बाईंचं नाव ठरवून जाहीर करा, की मुलींनी अशा वेळी थेट त्यांच्याकडं जायचं आणि त्यांनी आधी घरी फोन करायचा नाही, मुलीला विचारून करायचा. १९३० आणि १०९८ हे दोन्ही नंबर मुलांच्या डायरीच्या पहिल्या पानावर छापा. झेडपीच्या बाई, ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठी गावात काय करता येईल, ते तुम्ही आणि बालाघाट मिळून लिहाल का? मला तेवढी माहिती नाही. त्यावर वेगळा धागा काढू.

ह्यांना स्टेटसवरचा फोटो काढायला लावलाय. सासऱ्यांच्या फोनचा पिन आज रात्री बदलणार, आणि नवा पिन नातवाला सांगायचा नाही, हे त्यांच्याकडून कबूल करून घ्यायचं काम ह्यांच्याकडं दिलंय.

बालाघाट (बीड)

लिहितो. पण आत्ता नाही, रविवारी माणसं परत येऊ लागली की त्यांनाच विचारून लिहितो.